स्मितमापन आणि एक बोडकं झाड

मापकाकांना अंदाज या प्रकाराचा मनस्वी तिटकारा होता. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची बावीस वर्षं गेली होती. दुकानदाराचा तराजू केसभर झुकला तरी त्यांच्या कपाळावर आठी चढे, आणि संध्याकाळी ते ती आठी तशीच घरी घेऊन येत. इमारतीतल्या लोकांनी त्यांना मापकाका केलं आणि ओघानं त्यांची बायको मापकाकू झाली. वास्तविक काकू मीठसुद्धा हाताच्या अंदाजानं घालायच्या आणि ते कधी चुकायचं नाही. या गोष्टीचा काकांना मनातून राग होता. चुकत असतं तर निदान बोलता तरी आलं असतं.

एकदा दाढ दुखते म्हणून काका दंतवैद्याकडे गेले. तिथे बाकावर एक जुनं मासिक पडलं होतं. त्यातल्या एका लेखात लिहिलं होतं की ऋतू पालटला की माणसाचा स्वभाव पालटतो. पानगळ लागली की माणसं चिडचिडी होतात, एकमेकांकडे बघून हसेनाशी होतात. पालवी फुटली की पुन्हा मऊ होतात. हे सिद्ध कसं केलं ते पुढच्या पानावर होतं, आणि पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. दुसरा कुणी असता तर मासिक ठेवून दाढेकडे वळला असता. काकांची दाढ जागच्या जागी थांबली. घरी आल्यावर काकूंनी विचारलं की दाढेचं काय झालं, तर ते म्हणाले, “पुढचं पानच नाहीये.” काकूंना वाटलं, डॉक्टरांच्या फायलीतलं असेल.

जे फाटलं होतं ते आपण भरून काढायचं, असं काकांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. साहित्य दाराशीच होतं. इमारतीच्या अंगणात, जिन्यासमोर, तीन मजल्यांच्या उंचीचं एक झाड होतं आणि त्याची पानगळ नुकतीच लागली होती. झाडाचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तळमजल्यावरच्या शिंप्यानं एक नाव सांगितलं, पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी दुसरं सांगितलं आणि शिवाय शिंप्याचं उच्चारण सुधारलं. काकांनी वहीत ‘झाड, एक’ अशी नोंद केली. वही नवीन होती, दोनशे पानी, आणि तिला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं.

रोज सकाळी सात वाजता ते टेप घेऊन खाली उतरत. झाडाखाली खडूनं बरोबर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखत आणि त्यात पडलेली पानं मोजत. अर्धं पान आत आणि अर्धं बाहेर असेल तर काय करायचं, यावर त्यांनी पहिल्या दिवशी वीस मिनिटं विचार केला. मग देठ जिकडे तिकडचं पान, असा नियम केला. नंतर मान वर करून झाडावरची पानं. ती मोजणं अशक्य असल्यामुळे त्यांनी एका फांदीची मोजून तिला फांद्यांच्या संख्येनं गुणलं. हा अंदाज नव्हे, असं त्यांनी वहीत कंसात लिहून ठेवलं.

पानं झाली की माणसं. साडेसात ते साडेआठ इमारत कामाला बाहेर पडते, तेव्हा काका जिन्याच्या पायथ्याशी उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला “काय म्हणता?” असं एकाच आवाजात, एकाच अंतरावरून विचारत. मग उत्तरादाखल मिळालेलं हसू मोजत. त्यासाठी त्यांनी पट्टी ठरवली होती. नजर चुकवली तर शून्य, मान हलली तर एक, ओठ हलले तर दोन, दात दिसले तर तीन, आणि माणूस थांबून बोलला तर चार. पाच कुणाला द्यायचे हे त्यांनी मोकळं ठेवलं होतं. पाचाचा माणूस इमारतीत राहत असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

शास्त्रात अडचणी असतातच. शिंपी सकाळपासून तोंडात टाचण्या धरून काम करायचा, त्यामुळे तो कितीही आनंदात असला तरी एकाच्या वर जाईना. चौथ्या दिवशी काकांनी त्याला सांगितलं की एक क्षण टाचण्या काढून नेहमीसारखं हसा. नेहमीसारखं म्हणजे कसं, हे शिंप्याला आठवेना. तो विचार करत हसायला गेला आणि टाचणी खालच्या ओठात शिरली. त्या दिवशी काकांनी त्याला शून्य दिलं, आणि शिंप्यानं काकांची अर्धी शिवलेली पॅंट ढिगाच्या तळाशी ढकलली.

मुख्याध्यापिकाबाईंचं निराळंच. त्या सकाळी दूध आणायला उतरत तेव्हा कवळी वर पाण्यातच असे. दात दिसल्याशिवाय तीन नाहीत, आणि दात तर पहिल्या मजल्यावर. काका जरा वाकून, मान तिरपी करून खात्री करू लागले. बाईंनी आयुष्यभर चाळीस-चाळीस मुलांच्या हालचाली पाठमोऱ्या ओळखल्या होत्या. ही तर समोरून होती. त्यांनी हात पुढे करून वही मागितली. काकांनीही ती दिली, कारण त्या आवाजात मागितलेली वही न देण्याची सवय कुणालाच नसते. बाईंनी तिथेच पायरीवर बसून आठ पानं तपासली, शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या, ‘अक्षर बरे, विषय अयोग्य’ असा शेरा मारला आणि वही परत दिली. ‘चिडचिडेपणा’ हा शब्द पुढे प्रत्येक वेळी लिहिताना काकांचा हात थबकू लागला.

पण आकडे मात्र खुशाल जुळत होते. झाडावरची पानं कमी होत गेली तसतसं हसूही कमी होत गेलं. तिसऱ्या आठवड्यात लोक काकांना बघून मागच्या दारानं जाऊ लागले. काकांनी हेही पानगळीच्या खात्यात टाकलं. महिनाअखेर झाड पार बोडकं झालं. काकांनी ‘झाडावरील पाने: ०’ अशी नोंद सलग बारा दिवस केली, आणि त्या बारा दिवसांत अख्ख्या इमारतीचं सरासरी हसू अर्ध्यावर आलं. काकूंनी एकदा सुचवलं, “अहो, लोक झाडाला नाही, तुम्हाला कंटाळले असतील.” काकांनी वहीत नवा समास आखायला घेतला. शास्त्राला घरातून विरोध व्हायचाच, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

मग एका सकाळी ते टेप ठेवायला वर गेले आणि वही पायरीवर राहिली. ती सापडली ती नेमकी सेक्रेटरींना. सेक्रेटरी म्हणजे इमारतीच्या कमिटीचे. दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आणि पाण्याच्या टाकीपासून पायपुसण्यांच्या मापापर्यंत सगळ्यांवर त्यांची सही असायची. त्यांनी वहीत आधी स्वतःचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं: ‘सेक्रेटरी – ०, ०, ०, १ (शिंक असावी), ०.’

संध्याकाळी सेक्रेटरींच्या पुढच्या खोलीत तातडीची सभा बसली. सेक्रेटरी दुखावले होते. ते म्हणाले की इमारतीसाठी ते रात्रंदिवस झिजतात, आणि त्यांच्या हसण्याला शिंक म्हटलं जातं. शिंप्यानं ओठ दाखवला. मुख्याध्यापिकाबाई आता कवळीसकट आल्या होत्या आणि गरज नसताना दोनदा हसल्या. काकांना चौफेर बोलणी बसली. पळवाट काढण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण खुलासा करण्याचा होता. ते उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “यात तुमचा कुणाचा दोष नाही. तुमची वर्तणूक बिघडलीय ती झाडामुळे. माझ्याकडे आकडे आहेत.”

सगळ्यांच्या माना एकदम काकांकडे वळल्या. आपल्या बोलण्याचा इतका परिणाम झालेला काकांनी आधी कधी पाहिला नव्हता, म्हणून त्यांनी खिशातला आलेखही काढून दाखवला. सेक्रेटरींनी आलेख घेतला, उलटा बघितला, सुलटा बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू दोन गुणांचं हसू आलं. ते म्हणाले की दोष झाडाचा असेल तर प्रश्नच मिटला. काकांनी नोंद करायला हात पुढे केला, पण वही सेक्रेटरींच्या मांडीखाली होती.

पुढचा प्रकार काकांना आठ दिवसांनी कळला. सेक्रेटरींनी उद्यान खात्याला अर्ज केला होता की सदर झाडामुळे रहिवाशांची वर्तणूक बिघडत असल्याचे वजनमाप खात्याच्या तज्ज्ञ निरीक्षकांनी मोजून सिद्ध केले आहे, तरी झाडाचा बंदोबस्त व्हावा. सोबत वहीच्या पानांच्या नकला. उद्यान खातं एरवी एका अर्जाला वर्ष लावतं. या वेळी कधी नव्हे ती तत्परता दाखवून त्यांनी चौथ्या दिवशी उत्तर धाडलं. वर्तणुकीचा विषय खात्याच्या अखत्यारीत येत नाही, असं त्यात होतं. परंतु सोबतच्या नोंदींवरून झाडावर सलग बारा दिवस एकही पान नाही, सबब झाड मृत समजण्यात येत आहे आणि येत्या गुरुवारी ते तोडण्यात येईल.

पत्र वाचून काका गॅलरीत जाऊन उभे राहिले. झाड समोरच होतं. काळसर, आडवंतिडवं, हात पसरून उभं. महिनाभर त्यांनी त्याच्याकडे रोज बघितलं होतं, पण मोजण्यापलीकडे कधी बघितलं नव्हतं. बावीस वर्षांत त्यांनी खोटी वजनं पुष्कळ जप्त केली होती, पण खरं वजन कुणाच्या पायावर पडलं असं प्रथमच होत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि काकूंना सांगितलं की धूळ फार आहे.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते उद्यान खात्यात गेले. उद्यानसाहेबांचं टेबल खिडकीशी होतं आणि टेबलावरच्या कुंडीत एक वाळकी काडी होती. काकांनी सांगितलं की झाड मेलेलं नाही, पानगळ झालीय, दरवर्षी होते. साहेब सज्जन होते. त्यांनी फाईल काढली, नोंदी दाखवल्या आणि विचारलं, “या तुमच्याच ना?”

“माझ्याच.”

“चुकीच्या आहेत का?”

नोंदी चुकीच्या आहेत असं लिहून दिलं तर झाड वाचत होतं. पण काकांनी आयुष्यात ‘माझं माप चुकलं’ हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. लिहिणं तर दूरच. ते बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसून राहिले. कागद मागितला, परत दिला, पुन्हा मागितला. शेवटी त्यांनी दात आवळून, ज्यात ती दाढही आली, लिहिलं की माझ्या नोंदी चुकल्या आहेत, आणि खाली सही केली. सही जरा लहानच आली.

उद्यानसाहेबांनी कागद वाचला आणि हळहळले. म्हणाले की ज्या तज्ज्ञाचं माप एकदा चुकलं, त्याचं ‘चुकलं’ हे म्हणणं तरी बरोबर कशावरून मानायचं? त्यांना तिसऱ्याच कुणाचा तरी पुरावा हवा होता. हे झाड आधीही बोडकं झालं होतं आणि पुन्हा पालवलं होतं, असा. आणि तोही लेखी, तारखांसह. काका आब गेलेला आणि झाडही न वाचलेलं, अशा अवस्थेत घरी परतले.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकांनी सगळं सांगितलं. सहीपाशी थोडे अडखळले, पण सांगितलं. काकूंनी शेवटची घडी घातली, स्वयंपाकघरात गेल्या आणि फळीवरचे डबे एकेक करून खाली उतरवू लागल्या. काकांना वाटलं, बाई चिडली. थोड्या वेळात जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. मग काकूंनी डब्यांखाली अंथरलेले कागद ओढून काढले. ती जुनी कॅलेंडरं होती, अकरा वर्षांची.

प्रत्येक वर्षात दोन ठिकाणी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. एकीकडे ‘पानं गेली. गॅलरीत ऊन. कपडे बारापर्यंत वाळतात.’ आणि पुढे महिना-सव्वा महिन्यानं ‘पालवी. सावली आली. कपडे संध्याकाळपर्यंत ओले.’ अकरा वर्षांत तारखा फारतर आठवडाभर मागेपुढे.

“हे तू कशाला लिहून ठेवलंस?” काकांनी विचारलं.

“धुणं कधी भिजवायचं ते कळायला नको?” काकू म्हणाल्या. “पुढच्या बारा-पंधरा दिवसांत पालवी येईल. त्यात मोजायचं काय आहे?”

काका खाली बसून डबे पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गेली. उद्यानसाहेबांनी कॅलेंडरं टेबलावर पसरली. साखरेच्या डब्याखालच्या तीन वर्षांबरोबर बऱ्याच मुंग्याही आल्या होत्या. त्या फाईलमध्ये शिरल्या आणि साहेब ती झटकत झटकत वाचू लागले. वाचता वाचता ते थांबले. काही तारखांपुढे ‘हे चिडले’ असंही लिहिलेलं होतं. साहेबांनी पेन्सिल घेतली, वर्षामागून वर्ष खुणा केल्या आणि म्हणाले की काका, तुमच्या सिद्धान्ताच्या बरोबर उलट दिसतंय. पानगळीत तुम्ही अकरा वर्षांत दोनदाच चिडलात. पालवी आली की मात्र दर आठवड्याला.

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी सहजपणे सांगितलं, “सावली आली की बनियन दमट राहतं ना.”

उद्यानसाहेबांना हे फार पटलं. त्यांचंही तसंच होतं म्हणे. त्यांनी काकांचे दोन्ही कागद बाजूला सारले, कॅलेंडरांवर पुरावा म्हणून शिक्के मारले आणि झाड जिवंत असल्याचा शेरा लिहिला. मात्र तोड रद्द झाल्याचा हुकूम वरच्या सहीला जायचा होता, आणि वरचे साहेब गुरुवारी दुपारी यायचे होते. तोडणारी माणसं गुरुवारी सकाळी यायची होती.

ती आलीही, अगदी वेळेवर. दोर, करवत, शिडी. मुकादम झाडाला फेरी घालून वर बघतो तर बुंध्यापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत आणि कठड्यापासून परत खालच्या फांदीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यांवर चादरी, पडदे, टॉवेल, काकांची सात बनियनं. काकू चिमटे लावत होत्या. मुकादमानं कपडे काढायला सांगितले. काकूंनी ओल्या चादरीला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, “वाळले की काढते.”

मुकादम संसारी माणूस होता. ओले कपडे काढायला लावणं त्याच्यानं होईना. तो बसायला सावली शोधू लागला. झाड बोडकं असल्यामुळे ती मिळाली नाही, म्हणून उन्हातच बसला. तासाभरानं चादर वाळायला आली, तशी काकूंनी काकांना हाक मारली. काका आतून एक लिटरचं प्रमाणित माप भरून घेऊन आले आणि त्यांनी ते चादरीवर सारखं शिंपडलं. मग दुसरं. लोक खिडक्यांतून बघू लागले. शिंपी दुकानातून अख्खं अस्तराचं ठाण घेऊन आला आणि आकसणारं कापड आधी भिजवावंच लागतं म्हणत त्यानं तेही लावलं. मुख्याध्यापिकाबाईंनी शाल आणली आणि मुकादमाला ताठ बसायला सांगितलं. तो ताठ बसला.

राहता राहिले सेक्रेटरी. ते दुसऱ्या मजल्यावरून हे सगळं तोंड पाडून बघत होते. बाईंनी खालूनच त्यांना विचारलं की झाड गेल्यावर उन्हाळ्यात स्कूटर कुठे लावणार आहात. सेक्रेटरींनी झाडाकडे बघितलं, मग झाडाखालच्या आपल्या स्कूटरकडे बघितलं. गेली नऊ वर्षं तिच्या सीटला चटका बसला नव्हता. पाच मिनिटांनी ते एक भिजवलेली सतरंजी खांद्यावर घेऊन खाली आले. नियमाप्रमाणे अंगणात सतरंज्या वाळत घालायला बंदी होती, आणि नियम त्यांचाच होता. काकांनी माप खाली ठेवून सतरंजीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी ती दोरीवर टाकली. सेक्रेटरी ओशाळून हसले. काकांनी ते मोजलं नाही.

एक वाजता उद्यानसाहेब स्वतः सायकलवरून हुकूम घेऊन आले, घामाघूम. अंगणात शिरताच त्यांच्या तोंडावर ओलं पायजम्याचं टोक आपटलं आणि त्यांना बरं वाटलं. मुकादमानं हुकूम वाचला, दोर गुंडाळला आणि जाताना काकूंना विचारलं की आपल्या गल्लीतही एक झाड आहे, तिथे जाडं धुणं कधी काढावं. काकूंनी झाड कसलं ते विचारून तारीख सांगितली.

तेराव्या दिवशी पालवी आली. आधी तांबूस टोकं, मग पोपटी, मग एका आठवड्यात गॅलरीतलं ऊन गेलं. काका दमट बनियन घालून चहूकडे फिरले आणि चिडले; पण चिडताना आता ते कॅलेंडराकडे चोरून बघत. वही सेक्रेटरींकडून परत आली होती. काकूंनी तिच्या कोऱ्या पानांवर धुण्याचा हिशेब लिहायला घेतला.

महिन्याभरानं खात्यातून निरोप आला की पुरावे घेऊन जावेत. काकू पाहुण्यांच्या गडबडीत होत्या, म्हणून काका गेले. उद्यानसाहेबांनी कॅलेंडरांची गुंडाळी दिली आणि बरोबर एक पाकीट दिलं. पाकिटावर काकूंचं नाव होतं, तरी काकांनी घरी येऊन ते त्यांच्यासमोर उघडलं. खात्यानं श्रीमतींच्या अकरा वर्षांच्या निरीक्षणाबद्दल आभार मानले होते आणि इथून पुढे परिसरातल्या झाडांविषयी शंका आल्यास त्यांचा सल्ला घेतला जाईल असं कळवलं होतं. काकांनी पत्र मोठ्यानं वाचलं, शेवटची ओळ मात्र दोनदा मनातल्या मनात.

‘सोबत परत पाठवीत आहोत: कॅलेंडरे अकरा, पती एक.’

काकांनी चष्मा चढवला, गुंडाळी सोडून कॅलेंडरं मोजली, क्षणभर स्वतःकडे बघितलं, आणि पत्र काकूंच्या हातात दिलं. आकडे दोन्ही बरोबर होते, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती.